सेनापतीचा श्लोक आणि विदूषकाचे सांधे

१

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात सेनापतीच्या तोंडी मृगयेच्या प्रशंसेचा एक श्लोक आहे. शिकारीने मेद झडतो, पोट कृश होते, शरीर हलके व उद्योगक्षम बनते. भय आणि क्रोध यांच्या आवेगात प्राण्यांची चित्तवृत्ती कशी पालटते याचे ज्ञान होते. हलत्या लक्ष्यावर बाण अचूक लागणे यातच धनुर्धराचा उत्कर्ष असतो. तेव्हा मृगयेला जे व्यसन म्हणतात ते खोटे बोलतात, असा त्याचा आशय आहे. संस्कृतच्या अध्यापकांस हा श्लोक पाठ असतो. नाटकापासून सुटा करून व्यायामाच्या प्रशंसेखाली तो सांगण्याचा प्रघातही आपल्याकडे जुना आहे.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आमच्या अध्यापनाच्या काळात कित्येक वर्षे आम्हीही तो याच रीतीने शिकविला. शरीर कमावल्यावाचून पुरुषार्थ नाही, असे कालिदासाचे मत आहे आणि सेनापती हा त्या मताचा प्रवक्ता आहे, असे आम्ही वर्गात सांगत असू. एका वर्षी एका विद्यार्थ्याने साधाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, “गुरुजी, शिकार करून शरीर असे होत असेल, तर विदूषकाचे का झाले नाही? तोही त्याच रानात होता.” त्या दिवशी आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी येऊन अंक पुन्हा वाचला, तेव्हा आपण श्लोक शिकवीत होतो, नाटक शिकवीत नव्हतो, हे ध्यानात आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे. शिकारीने शरीर घडते, हे सेनापतीचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ते अर्धे आहे हे कालिदासास पूर्ण ठाऊक होते, आणि तेच दाखविण्यासाठी त्याने त्या श्लोकाची नाटकातील जागा निवडली. शिकार शरीर घडवीत नाही, ती शरीराची परीक्षा घेते. घडण आधी व्हावी लागते. आणि ती झाल्यावरही ‘हे शरीर कशासाठी?’ हा प्रश्न शिल्लक राहतोच.

२

अंकाचा आरंभ विदूषकाच्या स्वगताने होतो. या स्वगताकडे आपण केवळ हास्यरसाचा प्रवेश म्हणून पाहतो. वस्तुतः मृगयेत माणसाच्या देहाचे प्रत्यक्षात काय होते, हे सांगणारा त्या अंकातील तोच एक साक्षीदार आहे. ‘हा मृग, तो वराह, तो वाघ’ असे ओरडत भर दुपारी, उन्हाळ्याने विरळ सावलीच्या झालेल्या रानातून तो धावला आहे. झाडांची पाने कुजून कडू झालेले डोंगरी ओढ्यांचे पाणी त्याला प्यावे लागले आहे. जेवणाला वेळ नाही, आणि वेळ मिळाला तर पानात सळईवर भाजलेले मांस. घोड्यामागे धावून सांधे खिळखिळे झाल्यामुळे रात्री झोप नाही; आणि पहाटे कुठे डोळा लागतो न लागतो तोच पारधी रान घेरण्याचा गलका करून त्याला उठवितात.

ही तक्रार नीट वाचली म्हणजे तिच्यातील क्रम ध्यानात येतो. ऊन, पाणी, अन्न, सांधे, झोप. दूरच्या रानात काही दिवस काढण्याचा ज्यांस अनुभव आहे, ते कोणीही हेच पाच विषय याच कळकळीने सांगतील. नेम चुकल्याची तक्रार शिकारी मागाहून करतो. पोटऱ्या भरून आल्याची तक्रार पहिल्याच संध्याकाळी सुरू होते. चढणीपेक्षा उतरण माणसाला अधिक मोडते, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना देहाचा भार सावरावा लागतो, आणि सवय नसेल तर त्याची वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरी जाणवते. ही सवय एका दिवसात लागत नाही. तिला कित्येक आठवड्यांचा नियमित सराव लागतो. विदूषक हा भित्रा म्हणून मोडलेला नाही, तयारीवाचून आलेला म्हणून मोडलेला आहे. राजवाड्यातील मोदकांवर पोसलेला देह त्याने एकाएकी रानात आणला, आणि रानाने त्याचा हिशेब मागितला.

आता राजाकडे पाहू. विदूषकाच्या या स्वगतानंतर थोड्याच वेळात सेनापती रंगभूमीवर येतो आणि दूरूनच राजाच्या शरीराचे वर्णन करतो. त्याचा हा पहिला श्लोक दुसऱ्या, सुप्रसिद्ध श्लोकाइतका कोणी उद्धृत करीत नाही. तथापि आमच्या मते महत्त्वाचा तोच आहे. धनुष्याच्या दोरीच्या अखंड आघाताने राजाच्या शरीराचा पुढील भाग कठीण झाला आहे. ऊन सोसण्याची त्याला सवय आहे. घामाचा थेंब त्याच्या अंगावर दिसत नाही. शरीर वाळले आहे, पण पिळदारपणामुळे ते वाळणे दिसून येत नाही. डोंगरात हिंडणाऱ्या हत्तीसारखे केवळ सत्त्व त्याच्या ठायी उरले आहे. या वर्णनातील ‘अखंड’ ही कल्पना वाचकांनी ध्यानात घ्यावी. दोरीचा घट्टा चार दिवसांच्या शिकारीत पडत नाही. राजाचे शरीर ही वर्षानुवर्षांच्या अभ्यासाची मिळकत आहे, आणि ती घेऊन तो रानात आला आहे.

म्हणजे एकाच रानात, एकाच उन्हात, एकाच शिकारीत दोन देह कवीने आपल्यापुढे शेजारी शेजारी उभे केले आहेत. एक काठीला टेकून, अवयव मोडल्याचे सोंग करीत उभा आहे, आणि ते सोंग फारसे सोंगही नाही. दुसरा डोंगरी हत्तीसारखा आहे. मृगयेनेच शरीर हलके आणि उद्योगक्षम होत असते तर हा भेद उरला नसता. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न हाच होता, आणि तो कालिदासाने स्वतः रंगभूमीवर मांडून ठेवला आहे.

याहूनही मार्मिक गोष्ट पुढे आहे. सेनापती येतो तो श्वापदे घेरून ठेवल्याची वार्ता घेऊन. राजा म्हणतो, मृगयेची निंदा करणाऱ्या या माधव्याने माझा उत्साह मंदावला आहे. यावर आपल्याकडे प्रचलित असलेल्या देवनागरी पाठाप्रमाणे सेनापती विदूषकाला जनान्तिक सांगतो की, मित्रा, तू आपला विरोध पक्का धरून राहा; मी तोवर धन्याच्या मनाप्रमाणे वागतो. आणि मग, इतके सांगून झाल्यावर, तो मोठ्याने म्हणतो की हा मूर्ख काहीही बरळो, धनीच याचे प्रत्यक्ष उदाहरण आहेत. आणि तो प्रसिद्ध श्लोक म्हणतो.

ज्या श्लोकाचे आपण व्यायामाचा उपदेश म्हणून पठण करतो, तो श्लोक शिकार थांबावी अशी इच्छा असलेल्या माणसाने धन्याची मर्जी राखण्यासाठी म्हटलेला आहे. बरे, ती मर्जीसुद्धा त्याने चुकीचीच ओळखली आहे! कारण विदूषकाचे गाऱ्हाणे ऐकताच राजाने स्वगत सांगितलेले आहे की, शकुंतलेच्या आठवणीने माझेही मन मृगयेतून उठले आहे. जिच्या सहवासाने हरिणांनी तिला मुग्ध पाहणे शिकविले, त्यांच्यावर बाण रोखणे आता माझ्याने होत नाही. विदूषकाला शिकार नको, कारण त्याचे अंग मोडले आहे. राजाला नको, कारण त्याचे मन दुसरीकडे गेले आहे. सेनापतीला नको, हे त्याने कुजबुजून कबूल केले आहे. रंगभूमीवरील या तिघांपैकी एकालाही त्या दिवशी शिकार नको आहे, आणि अशा वेळी मृगयेचे संस्कृत वाङ्मयातील सर्वांत सुंदर स्तोत्र म्हटले जाते. हा विनोद इतका शांत आहे की त्याच्या शेजारून आम्ही कित्येक वर्षे नकळत चालत गेलो.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, सेनापती खुशामत करीत असला तरी श्लोकातील विधान खोटे ठरत नाही. आणि इतका सुंदर श्लोक कवी ज्याच्यावर आपला विश्वास नाही अशा गोष्टीसाठी कसा खर्च करील? आक्षेपाचा पहिला भाग आम्हांस मान्य आहे. विधान खोटे नाही. राजाचे शरीरच त्याचा पुरावा आहे. परंतु कालिदासाच्या नाटकात सुंदर श्लोक मिळणे ही पात्राच्या प्रामाणिकपणाची खूण नव्हे. अर्धसत्य जितके सुंदर शब्दांत सांगावे तितके ते अधिक पटते, हे खुशामत करणाराला कवीइतकेच कळते. विदूषकाचे त्यावरचे उत्तर मात्र गद्यात आणि रोखठोक आहे: तू असाच रानोमाळ भटकत राहा, म्हणजे माणसाच्या नाकाला चटावलेल्या एखाद्या म्हाताऱ्या अस्वलाच्या तोंडात जाशील. मेद झडण्याच्या गोष्टीला नाक जाण्याच्या गोष्टीने दिलेले हे उत्तर निव्वळ चेष्टा नाही. श्लोकात प्राण्याचे भय आणि क्रोध हे अभ्यासाचे विषय आहेत; विदूषकाला आठवण आहे की त्या क्रोधाला दातही असतात.

३

सेनापतीच्या श्लोकाचा मूळ साचा कालिदासाच्या आधीच्या नीतिशास्त्रात सापडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठव्या अधिकरणात पुरुषव्यसनांचा विचार आहे. तेथे पिशुन नावाच्या आचार्याचे मत प्रथम दिले आहे की, मृगया आणि द्यूत यांत मृगया अधिक वाईट. कारण तिच्यात चोर, शत्रू, श्वापदे, वणवा, ठेचकाळणे, दिशाभूल, भूक, तहान आणि प्राणहानी यांचे भय आहे. कौटिल्याला हे मान्य नाही. तो म्हणतो की मृगयेत व्यायाम घडतो, कफ, पित्त, मेद व घाम यांचा निरास होतो, स्थिर व चल लक्ष्यांचा परिचय होतो, आणि कोप व भय यांच्या वेळी प्राण्यांची चित्ते कळतात. सेनापतीच्या श्लोकातील बहुतेक सर्व मुद्दे येथे आहेत, हे वाचकांस दिसेलच.

परंतु एक फरक निर्णायक आहे. कौटिल्य तुलना करीत आहे. द्यूतापेक्षा मृगया बरी, इतकेच त्याचे म्हणणे. मृगया व्यसन नाही असे तो म्हणत नाही, कारण तो जेथे हे लिहीत आहे ते प्रकरणच व्यसनांचे आहे. मनुस्मृतीतही कामज व्यसनांच्या यादीत मृगयेचे नाव पहिले आहे. सेनापतीने तुलनेतील विधान उचलले, तुलना गाळली, आणि मृगयेला व्यसन म्हणणेच खोटे असा निकाल देऊन टाकला. पिशुनाची ठेच, भूक, तहान आणि वाट चुकणे ही सारी यादी मात्र त्याने वगळली. ती विदूषकाच्या सांध्यांत शिल्लक राहिली. दोन आचार्यांचा वाद कालिदासाने सेनापती आणि विदूषक यांत वाटून दिला आहे, असे म्हटल्यास ते वावगे होऊ नये.

हे केवळ ‘शाकुंतला’तच घडले असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गात हाच कवी हीच यादी पुन्हा देतो. दशरथ मृगयेला निघतो तेव्हा चल लक्ष्य भेदण्याचा परिचय, प्राण्यांच्या भयक्रोधांच्या खुणांचे ज्ञान आणि श्रमावर विजय मिळाल्याने शरीराला येणारी योग्यता, हे तीन लाभ सांगितले आहेत. आणि म्हणून सचिवांची अनुमती घेऊन तो गेला, असे म्हटले आहे. येथे खुशामत नाही. कवी स्वतःच बोलत आहे. शिवाय दशरथ निर्दयही नाही. हरिणाला पाठीशी घालण्यासाठी हरिणी मध्ये आडवी उभी राहिलेली पाहून तो ओढलेला बाण उतरवितो; घोड्याजवळून उडालेल्या मोरावर, त्याच्या पिसाऱ्याने प्रियेच्या केशपाशाची आठवण झाल्यामुळे, बाण टाकीत नाही. शरीर तयार आहे, नेम तयार आहे आणि मनही अजून जागे आहे.

पुढे काय होते ते कवीने किती काळजीपूर्वक लिहिले आहे, पाहा. मृगया त्याला चतुर स्त्रीसारखी वश करते. राज्याचा भार सचिवांवर टाकून तो रानात राहू लागतो. परिवारावाचून पानांच्या शेजेवर रात्र काढतो. एके दिवशी रुरु मृगाच्या मागे जाताना तो सोबत्यांपासून तुटतो, आणि श्रमाने तोंडाला फेस आलेल्या घोड्यावरून तमसेच्या तीरी पोचतो. त्या फेसाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. श्रमावर विजय मिळविला तो राजाने. घोड्याने नव्हे, अनुचरांनी नव्हे. ज्या क्षमतेचे सर्गात आधी कौतुक झाले, तिनेच त्याला इतके पुढे नेले की ‘थांबा’ म्हणणारा कोणी जवळ उरला नाही. सचिवांच्या अनुमतीने निघालेला राजा येथे एकटा आहे. आणि नदीवर घागर भरल्याचा आवाज ऐकून, तो हत्तीचा समजून, वन्य हत्ती मारणे राजाला निषिद्ध असतानाही, तो न पाहताच बाण सोडतो. अंध मातापित्यांचा मुलगा त्या बाणाने मरतो.

त्या बाणाचा नेम चुकलेला नाही. सर्व अभ्यास फळाला आलेला आहे. दम आहे, हात स्थिर आहे, आवाजावरून वेध घेण्याचे कौशल्यही आहे. नाही ते एवढेच की, बाण सोडण्यापूर्वी पाहणे. शरीराच्या तयारीचे वर्णन करणाऱ्या कवीने त्या तयारीचा शेवट असा करावा, याहून तिची कठोर समीक्षा दुसरी कोणती असणार?

४

कालिदासाच्या या विचाराची कसोटी आधुनिक शिकारवाङ्मयावर लावून पाहणे आम्हांस उचित वाटते. त्यासाठी जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) याच्यासारखा लेखक नाही. त्याचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तक इ. स. १९४४ मध्ये निघाले, आणि इ. स. १९५३ मध्ये आलेल्या ‘जंगल लोअर’मध्ये आपल्या बालपणाच्या शिक्षणाची हकीकत त्याने सांगितली आहे. ते शिक्षण म्हणजे गलोल, मग धनुष्यबाण, मग ठासणीची बंदूक, आणि या सर्वांच्या जोडीला पक्ष्यांचे व जनावरांचे आवाज ओळखणे. शिकारीने शरीर घडते असे तो कोठेही मोठ्याने सांगत नाही. उलट शिकार ज्या शरीराकडून काम मागते, ते लहानपणापासून कसे तयार झाले हे सहजपणे सांगत जातो.

त्याच्या पुस्तकातील चौगढच्या वाघिणीचा शेवट आमच्या विषयाशी फार जवळचा आहे. एप्रिल १९३० ची गोष्ट. त्या वेळी कॉर्बेटचे वय ५४ होते. त्या वाघिणीच्या नावावर ६४ माणसांचे बळी होते. ओढ्याच्या पात्रातून उतरताना एका घरट्यातील दोन अंडी त्याने संग्रहासाठी डाव्या हातात घेतलेली होती. एका मोठ्या खडकाला वळसा घालून वळून पाहतो तो, वाघीण अवघ्या आठ फुटांवर बसलेली. बंदूक उजव्या हातात, छातीवर आडवी, नळी भलतीकडे. जराही झटका दिला असता तर वाघिणीने झेप घेतली असती. म्हणून त्याने एकट्या उजव्या हाताने, हलल्याचे कळू नये इतक्या सावकाश, बंदुकीची नळी जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरविली. हात लांब ताणला गेल्याने त्यातले बळ संपत आल्यासारखे झाले, पण तो थरथरला नाही. गोळी सुटली, वाघीण मेली. आणि मग कॉर्बेटने ती दोन अंडी परत नेऊन घरट्यात ठेवली.

या प्रसंगात मेद झडण्याचा संबंध नाही, वेगाचाही नाही. येथे तयारीचा अर्थ सावकाशपणा असा आहे. हृदय धडधडत असताना हात शांत ठेवणे ही शरीराच्या तयारीची शेवटची पायरी, आणि ती धावण्यापेक्षा कठीण. चढ चढून छातीचा भाता झालेला माणूस नेम धरू शकत नाही, हे कोणीही शिकारी सांगेल. दमसास कमवावयाचा तो याचसाठी. ती अंडी हा तर कालिदासाला शोभेल असा तपशील आहे. एका हातात मृत्यू आणि दुसऱ्यात जपण्याची वस्तू घेऊन हा माणूस उभा आहे, आणि दोन्ही हात त्याच्या ताब्यात आहेत. दशरथाजवळ तमसेच्या तीरी उणे होते ते हेच.

अर्धवट तयारीने सोडलेल्या गोळीचे काय होते, तेही कॉर्बेटने नोंदवून ठेवले आहे. इ. स. १९०७ मध्ये त्याने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली होती. तिचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले होते, आणि ते जुन्या गोळीच्या जखमेने तुटले होते. कोणाची तरी एक गोळी लागायची तशी लागली नाही. वाघीण नैसर्गिक भक्ष्य मारण्यास असमर्थ झाली. आणि त्याची किंमत त्या शिकाऱ्याने नव्हे, गवत-लाकूड आणण्यास रानात गेलेल्या बायाबापड्यांनी दिली. शिकाऱ्याने आपले शरीर, हात आणि दम तयार ठेवणे ही त्याची खाजगी बाब नाही, हे एवढ्यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे. जखमी जनावराचा माग काढण्याइतके बळ ज्याच्या पायांत नाही, त्याने बंदुकीला हात लावणे हाच अपराध आहे.

ज्या देशांत शिकार आजही कायदेशीर आहे, तेथील डोंगरी शिकाऱ्यांनाही हा विचार सुटलेला नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वतांत एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी पायी जाणारे लोक कित्येक महिने आधीपासून पाठीवर वजन घेऊन चढउतार करण्याचा सराव करतात. कारण सावज पडले म्हणजे काम संपत नाही, तेथून सुरू होते. एका मोठ्या नराचे हाडांवाचूनचे मांस शंभर किलोच्या आसपास भरते, आणि ते रस्त्यापासून कोसन्‌कोस दूर असलेल्या खोऱ्यातून पाठीवर, अनेक खेपा करून आणावे लागते. मारलेले मांस रानात कुजू देणे हा त्यांच्यात कलंक समजतात. म्हणून ‘मला तेथवर जाता येईल काय’ यापेक्षा ‘तेथून ओझे घेऊन परत येता येईल काय’ हा प्रश्न ते आधी विचारतात. सेनापतीच्या श्लोकात मृगया बाण लागला की संपते. ओझे कोणी वाहिले, हे तेथे विचारण्याचे कारण नव्हते, कारण वाहणारे दुसरे होते. संस्कृत मृगयावर्णनांतील ही एक पोकळी आहे, आणि केवळ विदूषकासारखा पायी चालणारा माणूस ती आपल्या ध्यानात आणून देतो.

५

आपल्या मराठी परंपरेत शरीर कमावण्याचा विचार मुबलक झालेला आहे. आमच्या बडोद्यातच जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा प्रा. माणिकराव यांनी पुढे चालविली, आणि येथूनच आबासाहेब मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ निघाला. या परंपरेने शरीराची तयारी हे स्वतंत्र शास्त्र मानले. शिकारीचे आनुषंगिक फळ मानले नाही. आखाड्यात उतरणारा आधी माती मळतो, मग जोर-बैठका काढतो, आणि कुस्ती पुष्कळ मागाहून येते. सेनापतीने उलटा लावलेला क्रम आखाड्याने सरळ लावला, असे आम्हांस वाटते.

शिकारीविषयी तर आपल्या देशाने इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला निर्णय दिलेला आहे. मराठीतही त्या पालटाची साक्ष आहे. शिकारीचा छंद असलेले व्यंकटेश माडगूळकर पुढे ‘नागझिरा’त केवळ पाहण्यासाठी रानात राहिलेले दिसतात. पायांची, कानांची आणि दमाची तीच तयारी. शेवटी बाण नाही, इतकेच. तमसेच्या तीरी जे पाहणे राहून गेले, ते येथे प्रयोजन होऊन बसले आहे.

मग सेनापतीचा श्लोक वर्गात शिकवू नये काय? अवश्य शिकवावा. मात्र त्याच्याआधीची कुजबुज आणि विदूषकाचे स्वगत सोडून शिकवू नये. आणि त्याच नाटकाच्या सहाव्या अंकापर्यंत विद्यार्थ्यांस न्यावे. तेथे पश्चात्तापाने वाळलेल्या राजाचे वर्णन करताना कंचुकी म्हणतो की, सहाणेवर घासलेल्या रत्नाप्रमाणे तो क्षीण झाला असूनही तेजामुळे तसा दिसत नाही. दुसऱ्या अंकात सेनापतीने हेच म्हटले होते: शरीर वाळले आहे, पण ते दिसून येत नाही. तेथे कारण व्यायाम होते, येथे दुःख आहे. एकाच देहाविषयी जवळजवळ एकच वाक्य कवीने दोनदा लिहिले, आणि दोहोंच्या मध्ये एका निरपराध स्त्रीचा त्याग ठेवला. डोंगरी हत्तीसारखा कमावलेला देह राजाला त्या अपराधापासून वाचवू शकला नाही.

परंतु तो देह वायाही गेला नाही. मातली अदृश्य राहून विदूषकाला पकडतो, राजा धनुष्य उचलतो, आणि न दिसणाऱ्या शत्रूवर बाण सोडण्याच्या बेतात असताना मातली प्रकट होऊन सांगतो की, हे धनुष्य असुरांवर ओढावयाचे आहे. पहिल्या अंकात आश्रमातील तापसाने हेच सांगितले होते: तुझे शस्त्र आर्तांच्या रक्षणासाठी आहे, निरपराधांवर प्रहार करण्यासाठी नव्हे. इतक्या दीर्घ प्रवासानंतर त्या कमावलेल्या शरीराला त्याचे काम मिळाले, आणि गंमत अशी की ते मिळवून देण्यास ओलीस गेला तो पुन्हा बिचारा विदूषकच!

आमचा तो विद्यार्थी आज कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. भेटला तर त्याला आम्ही एवढेच सांगू की, विदूषकाचे शरीर शिकारीने तयार झाले नाही, कारण ते तयार करून आणावयाचे असते. आणि तू विचारलेला प्रश्न यापुढे दर वर्षी तो श्लोक फळ्यावर लिहिण्यापूर्वी आम्ही स्वतःच वर्गाला विचारतो.